दोन शिट्ट्या म्हणजे वरून कचरा

पोलीस नकोत, वकील नको, कॅमेरा तर मुळीच नको. फक्त शिट्टी! साधी, प्लास्टिकची, लाल दोरीवाली शिट्टी! एवढ्या भांडवलावर मी बेचाळीस बिऱ्हाडं एका रविवारात सुधारून दाखवणार होतो. हसू नका. तुम्ही आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाही, म्हणून तुम्हाला हसू येतंय.

आमची बिल्डिंग मुलुंडला. नाव 'समाधान'. म्हाडाच्या लॉटरीत घर लागलं तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते आणि शुभाने, म्हणजे माझ्या बायकोने, नुसत्या पडद्यांसाठी दादरला तीन खेपा घातल्या होत्या. सात मजले, मजल्यावर सहा घरं, सगळी लॉटरीतून आलेली. म्हणजे शेजार कोणी निवडलेला नाही, नशिबाने पिशवी उलटी केली आणि आम्ही सगळे त्यातून घरंगळत एका जागी पडलो! माणसं एकेकटी भेटली तर झकास. मुलाच्या मार्कांची चौकशी करतील, आजारपणात रात्रभर हॉस्पिटलात बसतील. पण घराचं दार लावून आत गेली की त्यांचं काय होतं कोण जाणे! घर लख्ख, उंबऱ्याबाहेरचं जग म्हणजे कचराकुंडी. जिन्याचे कोपरे लाल. लिफ्टमध्ये च्युइंगगम. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चंपाताईंचा पत्रा.

चंपाताई तळमजल्यावर राहतात. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून रिटायर झालेल्या, सत्तरीच्या, एकट्या. त्यांच्या मागच्या खिडकीवर पावसासाठी बसवलेला एक पत्रा आहे, आणि त्याच्या बरोबर वर सहा मजल्यांच्या स्वयंपाकघरांच्या खिडक्या. त्या पत्र्यावर काय काय पडलं नाही? नारळाच्या करवंट्या, पावाचे तुकडे, दात झिजलेले टूथब्रश, एका पायातली चप्पल, आणि एकदा तर अख्खी इडली, चटणीसकट! चंपाताई खिडकीत वाचत बसलेल्या असायच्या आणि वर धप्प! पुस्तकाचं पान उलटलं की धप्प!

आमच्या शौनकला दहावीला गणितात काठावरून आत ओढलं ते या बाईंनी. वर्षभर, रोज संध्याकाळी एक तास. फी विचारली तर म्हणाल्या, "पास झाला की त्यालाच सांगा पेढा आणायला." त्यामुळे सेक्रेटरी झाल्यावर मी पहिली शपथ घेतली ती पत्र्याचीच. नोटीस लावली. दुसऱ्या दिवशी नोटिशीवरच कोणीतरी थुंकलेलं! व्हॉट्सअॅपवर मेसेज टाकला. चाळीस जणांनी हात जोडले, त्यातल्या निदान चार हातांनी त्याच दुपारी कचरा टाकला असणार!

आणि मग त्या बुधवारी चंपाताई आमच्याकडे आल्या. चहा घेतला. कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या,

"नंदकुमार, मी चालले."

"अहो एवढ्यात? बसा की."

"घरी नाही हो. चेंबूरला, मित्राकडे." मित्रा म्हणजे त्यांची मुलगी संघमित्रा. "ती केव्हाची मागे लागली आहे. रविवारी भाडेकरू घर बघायला येतायत. नवीन लग्न झालेलं जोडपं आहे."

शुभाने ट्रे खाली ठेवला. "पत्र्यामुळे ना?" तिने विचारलं.

"चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, कचरा कुठे टाकायचा," चंपाताई म्हणाल्या. "आता या वयात त्यांच्या आईवडिलांना शिकवायला दम नाही गं."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या थकलेल्या होत्या. मला ते सहनच झालं नाही. मी उठून उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"चंपाताई, रविवारी तुमच्या पत्र्यावर कागदाचा एक कपटासुद्धा पडला, तर मी राजीनामा देतो!"

"राजीनामा नको," त्या उठत म्हणाल्या. "मागच्या सेक्रेटरीने पण तोच दिला होता."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून येताना स्टेशनबाहेर मला साक्षात्कार झाला! चौकात एक ट्रॅफिक हवालदार उभा होता. किडकिडीत माणूस. हातात काठी नाही, काही नाही. त्याने नुसती एक शिट्टी फुंकली आणि सात रिक्षा, दोन डंपर आणि एक उलट्या दिशेने येणारा पुढाऱ्यांचा बॅनर लावलेला टेम्पो जागच्या जागी थिजले! का? पकडला जाण्याची भीती? नाही! सगळ्या चौकाने आपल्याकडे वळून बघण्याची भीती! मी तिथेच मांडीवर थाप मारली. शेजारचा माणूस दचकून लांब सरकला.

खेळण्यांच्या दुकानात गेलो. "बेचाळीस शिट्ट्या द्या."

"शाळा आहे का?" दुकानदाराने विचारलं.

"नाही, सोसायटी."

"मग अजून डझनभर न्या साहेब. लागतील."

शनिवारी संध्याकाळी खाली पार्किंगमध्ये सभा घेतली. माझी योजना अगदी सोपी होती. प्रत्येक घराला एक शिट्टी. कोणी थुंकताना दिसला की एक शिट्टी. वरून कचरा टाकताना दिसला की दोन. कानठळ्या बसवणारा आवाज केला की तीन. शिट्टी ऐकली की जवळपासच्या सगळ्यांनी बाहेर यायचं आणि त्या माणसाकडे बघायचं.

"बघून काय करायचं?" सहाव्या मजल्यावरच्या श्रेयसने विचारलं. श्रेयस आमच्या कमिटीवर आहे. त्याचं काम शंका काढणं.

"काही नाही! भांडायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. नुसतं बघायचं!"

"आणि तो आपल्याकडे बघायला लागला तर?"

"श्रेयस, तू शिट्टी घे आणि गप्प बस."

शुभाने तेवढ्यात माझ्या कानात विचारलं, "अहो, पण कुकर..."

"तुला सध्या कुकर सुचतोय?" मी तिला झटकलं. हाच तो क्षण! इथेच मी थांबलो असतो, बायकोचं वाक्य पूर्ण ऐकलं असतं, तर ही गोष्ट तुम्हाला सांगायची वेळच आली नसती. पण पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या आणि त्या दिवशी पार्किंगमध्ये वाजत होत्या!

आणि सांगतो तुम्हाला, पहिल्या तासात कमाल झाली! दुसऱ्या मजल्यावरचा अनिरुद्ध, बँकेत मॅनेजर, रोज टाय, कपाळाला गंध, चेहरा असा की याच्या तोंडात तुळशीच्या पानाशिवाय काही नसेल. तो जिन्याच्या कोपऱ्यापाशी थांबला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, गाल फुगवले... आणि फुर्रर्र! वरच्या मजल्यावरून कोणीतरी शिट्टी फुंकली! धाडधाड दारं उघडली. अठरा माणसं बाहेर! सगळी गप्प, सगळी बघतायत. अनिरुद्धचे डोळे मोठे झाले. तोंडातला माल थुंकणार कुठे? बिचाऱ्याने गिळला! त्यानंतर त्याला जी उचकी लागली ती रात्री जेवणापर्यंत चालू होती, आणि दर उचकीला बिल्डिंगमध्ये आनंदाची लाट उसळत होती.

मी रात्री झोपताना शुभाला म्हटलं, "बघितलंस? एक शिट्टी!"

"बघू उद्या," ती म्हणाली. "उद्या रविवार आहे."

मला वाटलं ती भाडेकरूंबद्दल बोलतेय.

रविवारी सकाळी आठपासूनच उत्साह नुसता ओसंडत होता. लोकांच्या हातात शिट्टी आली होती ना! इतकी वर्षं मनात दाबून ठेवलेलं सगळं त्या भोकातून बाहेर यायला लागलं. चौथ्या मजल्यावर मिक्सर सुरू झाला, तीन शिट्ट्या! मिक्सरवालीने चिडून समोरच्यांच्या टीव्हीवर तीन शिट्ट्या फुंकल्या. टीव्हीवाल्यांनी तिच्या शिट्टीच्या आवाजावर तीन शिट्ट्या फुंकल्या! पाचव्या मजल्यावरचे आजोबा दाढी करून गॅलरीतल्या मोरीत चूळ भरत होते, त्यांच्यावर एक शिट्टी. आजोबा भडकले. "अरे माझ्या घरात, माझ्या मोरीत थुंकतोय मी!" पण नियमाप्रमाणे चौदा माणसं त्यांच्या दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. आजोबा तोंडाला टॉवेल गुंडाळून आत गेले.

मी मात्र पत्र्याकडे लक्ष ठेवून होतो. सकाळपासून पत्रा कोरा करकरीत! धुतलेल्या ताटासारखा! अकरा वाजले, काही पडलं नाही. मी चंपाताईंच्या खिडकीशी जाऊन म्हटलं, "कसं काय?"

त्यांनी पुस्तकातून मान वर केली. "पत्रा छान आहे," त्या म्हणाल्या. "पण कानात दडे बसलेत."

आणि मग साडेअकरा वाजले.

रविवारी साडेअकराला मराठी माणसाच्या घरात काय होतं? कुकर लागतो! बेचाळीस घरांत बेचाळीस कुकर! आता तुम्ही म्हणाल, कुकरची शिट्टी वेगळी, तोंडाने फुंकलेली वेगळी, कळत नाही का? नाही कळत! कारण एव्हाना आमच्या स्वस्तातल्या शिट्ट्यांत थुंकी जाऊन आतले मणी चिकटले होते, आणि कितीही जोर लावला तरी त्यांतून फुर्रर्र न येता फुस्स्स एवढंच येत होतं. हुबेहूब कुकर!

पहिला कुकर तिसऱ्या मजल्यावर झाला. वरणभाताचा. दोन शिट्ट्या. दोन म्हणजे वरून कचरा! माणसं खिडक्यांकडे धावली. तेवढ्यात पाचव्यावर बटाटे उकडले, तीन शिट्ट्या. माणसं आवाज करणाऱ्याला शोधायला जिन्यात धावली. खालून वर जाणारे आणि वरून खाली येणारे चौथ्या मजल्यावर एकमेकांत अडकले. एवढ्यात कोणाचं तरी मटण शिजायला लागलं. चार, पाच, सहा, सात शिट्ट्या!

"सात म्हणजे काय?" जिन्यातून कोणीतरी ओरडलं.

"आग लागली असेल!"

वाट लागली! अर्धी बिल्डिंग जिन्यावरून खाली सुटली. एकीच्या हातात झारा, एकाच्या चेहऱ्याला अर्धा साबण, आजोबांच्या तोंडाला अजून टॉवेल गुंडाळलेला.

नेमक्या त्याच वेळी गेटमधून संघमित्रा आत आली. बरोबर एक तरुण जोडपं, केयूर आणि रेवती. केयूरचा पांढराशुभ्र शर्ट, रेवतीच्या अंगावर नवी कोरी साडी. घर बघायला आलेली माणसं, आणि समोरून झारे घेऊन धावत येणारा जमाव!

"हे काय चाललंय?" संघमित्राने मला विचारलं. ती एअरपोर्टवर नोकरीला आहे, गर्दी सांभाळायची तिला सवय आहे, पण तीही दोन पावलं मागे सरली.

"काही नाही! सराव!" मी हसून म्हटलं. "आमच्याकडे दर रविवारी असतो. शिस्त म्हणजे शिस्त!"

"छान आहे," केयूर कसंनुसं म्हणाला. रेवतीने त्याचा दंड घट्ट धरला होता.

मी सगळ्यांना ओरडून सांगितलं, कुकर आहेत, कुकर! गॅस बंद करा! माणसं खजील होऊन वर गेली. मी त्या तिघांना चंपाताईंकडे घेऊन गेलो. मागची खिडकी मोठ्या अभिमानाने उघडून दाखवली. "ही बघा, इथून छान वारा येतो. आणि वरचा पत्रा बघा. स्वच्छ! आमच्या बिल्डिंगमध्ये वरून काडी पडत नाही!"

धप्प!

काळी पिशवी. गाठ मारलेली. पत्र्याच्या बरोबर मधोमध!

चंपाताईंनी पुस्तक मिटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि तेच मला जास्त लागलं. वरून कोणीतरी उशिराने दोन शिट्ट्या फुंकल्या. फुस्स्स, फुस्स्स.

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. मी स्टूल ओढलं, खिडकीच्या बाहेर अर्धा लोंबकळलो आणि ती पिशवी ताब्यात घेतली. गाठ सोडली. आत कोळंबीची सालं! डोकी, शेपट्या, सगळं!

"पुरावा!" मी गरजलो. "आज ज्याच्या घरी कोळंबी, तो गुन्हेगार!"

"नंदकुमार, राहू द्या," चंपाताई म्हणाल्या.

पण मी आता राहणारा नव्हतो! पिशवी हातात धरून मी जिना चढायला लागलो. प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक दारात जाऊन हवा हुंगायची आणि पुढे जायचं. बातमी माझ्यापुढे धावत होती. मागे माणसं जमत होती.

"आमच्याकडे वांग्याची भाजी हो!" पहिल्या मजल्यावरून आवाज आला.

"आमच्याकडे बोंबील! कोळंबी परवडते कुठे?"

"माझा उपास आहे," अनिरुद्ध म्हणाला आणि पुन्हा उचकला.

तिसरा मजला, चौथा, पाचवा. मला दम लागला होता, गुडघे कुरकुरत होते, पण खरं सांगू? इतकं जिवंत मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं! मागे पंचवीस-तीस माणसं, जिन्यात नुसती कुजबुज, आणि सगळ्यात पुढे मी, हातात पिशवी! सहाव्या मजल्यावर पाय ठेवला आणि वास आला. लसूण, कोकम, नारळाचं दूध... आणि कोळंबी!

दार उघडलं श्रेयसने. कमिटी मेंबर श्रेयस! हातात अर्धी खाल्लेली पोळी.

"श्रेयस, तू?"

"मी काय?"

"आज जेवायला काय आहे?"

"कोळंबीचं कालवण. बसताय का?"

मागून एकदम हाऽऽ झालं. मी पिशवी त्याच्या नाकासमोर धरली. "मग हे काय आहे?"

श्रेयसने पिशवीत बघितलं. "सालं आहेत. म्हणजे माझीच का? मुलुंडमध्ये मी एकटाच कोळंबी खातो? आणि आमची खिडकी पत्र्याच्या वर येतच नाही, दोन हात बाजूला आहे. इथून टाकली तर पिशवी पत्र्यावर पडणारच नाही!"

"पडेल!"

"नाही पडणार!"

"बरोबर वर येते तुझी खिडकी!"

"काय बोलताय काका! शक्यच नाही!"

आता यावर समजूतदार माणसाने काय केलं असतं? खाली जाऊन वर बघितलं असतं. किंवा टेप आणून मोजलं असतं. मी सरळ त्याच्या स्वयंपाकघरात घुसलो. सगळी वरात माझ्या मागोमाग आत. मी खिडकी सताड उघडली आणि कमरेपर्यंत बाहेर वाकलो. खाली पत्रा दिसत होता. पत्र्यापाशी, मागच्या गल्लीत, चंपाताई, संघमित्रा आणि ते जोडपं उभं होतं. त्यांना बाहेरून घर बघायचं असावं. आणि आमच्या गोंगाटाने बिल्डिंगच्या मागच्या बाजूच्या एकूण एक खिडक्या उघडल्या होत्या. प्रत्येक खिडकीत चेहरे! वर, खाली, बाजूला, सगळे माझ्याकडे बघत होते. असा प्रेक्षक परत मिळणार होता का?

मी पिशवी लांब हाताने बाहेर धरली आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

"सगळ्यांनी बघा! इथून पिशवी सोडली की ती सरळ कुठे जाते..."

पिशवीचा बंद तुटला.

ती खाली जाताना मला अगदी सावकाश दिसली. पाचव्या मजल्यापाशी तिने एक गिरकी घेतली. तिसऱ्या मजल्यापाशी ती उलटी झाली. आणि एवढं सांगतो, माझं म्हणणं शंभर टक्के खरं निघालं! पिशवी बरोबर पत्र्याच्या मधोमध पडली. धाऽऽप्प! पडली आणि फुटली. कोळंबीची सालं कारंज्यासारखी उडाली. केयूरच्या पांढऱ्या शर्टावर एक डोकं, मिशांसकट, बिल्ल्यासारखं जाऊन चिकटलं. रेवतीच्या केसांत तीन शेपट्या अडकल्या!

मग कुठल्या तरी खिडकीतून फुस्स्स, फुस्स्स. मग दुसऱ्या खिडकीतून. मग सगळ्यांनी! बेचाळीस घरांनी माझ्यावर दोन दोन शिट्ट्या फुंकल्या! आमच्याच घराच्या खिडकीतून जी शिट्टी वाजली ती तर सगळ्यात जोरात होती. शुभाने ती सकाळी गरम पाण्यात उकळून साफ करून ठेवली होती म्हणे.

शिट्ट्या थांबल्या आणि मग सगळे नियमाप्रमाणे माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी खिडकीतून अर्धा बाहेर. आत जायला लाज वाटत होती, बाहेर राहायला भीती!

"बरोबर आहे काका," मागून श्रेयस हळूच म्हणाला. "पडते पत्र्यावर."

खाली कसा उतरलो मला आठवत नाही. मी पोचलो तेव्हा केयूर आणि रेवती गेटबाहेर रिक्षात बसत होते. "घर छान आहे, कळवतो," असं केयूर ओरडला, पण रिक्षा कळवण्याच्या विरुद्ध दिशेने सुसाट निघाली. संघमित्राच्या कपाळाला आठ्या. आणि चंपाताई भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

मला भरून आलं. काय केलं होतं मी! ज्या बाईने आमच्या पोराला हाताला धरून पार नेलं, तिला शांतपणे निघून जायचं होतं, तर तेही मी धड होऊ दिलं नाही. मी जवळ गेलो.

"चंपाताई, रडू नका. मी... मी दुसरा भाडेकरू शोधून देतो. मी स्वतः सामान..."

त्यांनी पदर बाजूला केला. बाई हसत होत्या! डोळ्यांतून पाणी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, तोंडातून आवाज फुटत नाही इतकं हसत होत्या! त्यांना हसताना बघून संघमित्राच्या आठ्या सैल झाल्या. मग ती हसली. मग वरच्या खिडक्यांमधून कोणीतरी हसलं आणि मग सगळी बिल्डिंग! कालपासून पहिल्यांदा शिट्टीशिवाय दुसरा आवाज ऐकू आला.

"चाळीस वर्षांत," चंपाताई चष्मा पुसत म्हणाल्या, "माझ्या वर्गात एकही खोडी काढणारा रंगेहाथ सापडला नाही. सापडायचा तो नेहमी मॉनिटर!"

"शिक्षा सांगा," मी मान खाली घालून म्हणालो.

त्या एकदम मुख्याध्यापिका झाल्या. आवाज बदलला, पाठ ताठ झाली. "एक महिना. रोज सकाळी सात वाजता शिडी लावून पत्रा झाडायचा. स्वतः. उशीर झाला तर दोन दिवस जास्त."

"आई, पण तू तर चेंबूरला येतेयस," संघमित्रा म्हणाली.

"येईन गं. आधी यांचं झाडणं बघते. महिनाभर तरी घर रिकामं ठेवता येणार नाही. देखरेखीला कोणीतरी लागेल ना!"

सोमवारी सकाळी सात वाजता मी शिडीवर. हातात केरसुणी, कमरेला शुभाचा जुना टॉवेल. पहिल्या दिवशी मागच्या सगळ्या खिडक्यांत माणसं चहाचे कप घेऊन उभी होती.

"काका, डावीकडे राहिलंय!"

"नंदकुमार, कोपरा! कोपरा घ्या!"

अपमान? प्रचंड! पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की पत्र्यावर झाडायला काही उरतच नाहीये. सरळ आहे हो. नुसत्या पत्र्यावर कचरा टाकणं सोपं. पण सकाळी ज्याला आपण वरून 'गुड मॉर्निंग' म्हणतो, कोपरा दाखवतो, त्याच्या डोक्याचं टक्कल डोळ्यांसमोर असताना हात धजत नाही. पाचव्या मजल्यावरच्या आजोबांनी तर वरून दोरीला बांधून मला चहा सोडायला सुरुवात केली. अनिरुद्ध एकदा खाली येऊन शिडी धरून उभा राहिला. शिट्ट्या कुठे गेल्या कोणाला ठाऊक नाही. मूळ पिशवी कोणी टाकली तेही आजपर्यंत कळलेलं नाही. श्रेयसने तीन महिने कोळंबी आणली नाही, एवढाच काय तो माझ्याकडे पुरावा.

महिना संपला. चंपाताई चेंबूरला गेल्या, पण एका शनिवार-रविवारपुरत्या, आणि परत आल्या. म्हणाल्या, "तिकडे खिडकीतून सगळं शांत आहे. करमत नाही." माझी शिक्षा संपल्याचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही. सवय झाली होती. शिवाय आता मला त्या पत्र्याचा अभिमान वाटायला लागला होता. पंचवीस वर्षं जुना पत्रा, पण ऊन पडलं की असा चमकतो!

गेल्या मंगळवारी मी असाच पत्रा झाडत होतो. मागच्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडून, शेजारच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ बराच वेळ बघत उभे होते. मी त्यांना ओळखत नव्हतो. शेवटी ते भिंतीपाशी आले.

"भाऊ, रोज बघतो तुम्हाला. काम फार नीट आहे हो तुमचं!"

मी खुलून गेलो. म्हटलं, गुण ओळखणारा माणूस आहे.

"आमच्या बिल्डिंगमध्ये पण फार घाण आहे," ते म्हणाले. "तुम्ही साडेसातला आमच्याकडे येऊ शकाल का?"

मी शिडीवरच ताठ झालो. टॉवेल नीट केला. म्हटलं, "अहो, तुमचा गैरसमज होतोय. मी या सोसायटीचा सेक्रेटरी आहे."

त्यांचा चेहरा पडला.

"अरेरे," ते वळता वळता म्हणाले. "सेक्रेटरी आहे हो आमच्याकडे. आम्हाला कामाचा माणूस पाहिजे होता."